फायनलसाहेबांच्या हाताखाली

फायनलसाहेबांनी आयुष्यात एकही गोष्ट वेळेवर फायनल केली नाही, म्हणूनच ऑफिसात त्यांना फायनलसाहेब म्हणत. त्यांच्या कॉम्प्युटरवर प्रत्येक कामाचा एक फोल्डर असे आणि त्यात एकाच ड्रॉइंगची भावंडं सुखाने नांदत: ‘फायनल’, ‘फायनल नवीन’, ‘फायनल खरं’, ‘फायनल जेवणानंतर’, ‘फायनल याच्यानंतर नाही’. त्याच्यानंतरही एखादी फाइल असायचीच. खरं नाव वासुदेव बोरकुटे. पण ते नाव फक्त त्यांच्या टिफिनच्या झाकणावर कोरलेलं होतं, आणि झाकण बहुतेक वेळा दुसऱ्याच डब्यावर असे.

इंजिनिअरिंगचं तिसरं वर्ष संपलं तेव्हा कॉलेजनं आम्हाला उन्हाळ्याच्या ट्रेनिंगला पिटाळलं. वर्गातल्या हुशार पोरांना मोठ्या कारखान्यांत जागा मिळाल्या. त्यांच्याहून हुशार पोरांनी मामाच्या कंपनीचं सर्टिफिकेट आणलं आणि दोन महिने घरी कूलरसमोर झोप काढली. मला मामा होते, पण ते हिंगणघाटला किराणा विकत. माझे बाबा रेल्वेत क्लार्क. आमच्या पाऱ्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, गणपतीच्या मांडवात त्यांची आणि फायनलसाहेबांची ओळख झालेली. दोघंही विदर्भातून येऊन रायपुरात मुरलेले, त्यामुळे एकमेकांना उगाच जवळचे समजत. बाबांनी शब्द टाकला. साहेब मला पाहायला घरी आले, अगदी मुलगी पाहायला यावं तसे, इस्त्रीचा शर्ट घालून.

चहा घेता घेता त्यांनी विचारलं, “कॅन्टिलिव्हर म्हंजे काय गं?” एका टोकाला घट्ट धरलेली आणि दुसऱ्या टोकाला मोकळी असलेली तुळई, असं मी पाठ केलेलं उत्तर दिलं. ते म्हणाले, “पुस्तकात बरोबर आहे. पाहू.” हे ‘पाहू’ म्हणजेच माझं नेमणूकपत्र होतं, हे मला दोन दिवसांनी बाबांनी सांगितलं. बाबांनाही ते साहेबांकडून नाही, ऑफिसच्या मालकाकडून कळलं होतं.

ऑफिस गुढियारीत, एका टाइल्सच्या दुकानाच्या वर. मालकाला सगळे भैयाजी म्हणत. भैयाजी डिझाईनचे मालक होते, पण डिझाईनमधलं त्यांना एवढंच कळे की कागद गेला की काम संपतं. फायनलसाहेब डिझाईनचे प्रमुख. त्यांचं मत बरोबर उलटं. कागद गेला की काम संपतं, म्हणून तो जाऊ द्यायचा नाही. या दोघांच्या मध्ये एक टेबल रिकामं होतं. ते मला मिळालं.

पहिलं काम एका धानाच्या मिलच्या शेडचं. मी छताची कैची, म्हणजे पत्रे पेलणारी लोखंडी तिकोनी चौकट, काढली. साहेबांनी उतार वाढवायला सांगितला. मी वाढवला. त्यांनी कमी करायला सांगितला. मग मधला. मग पावसाचा विचार केला आणि पुन्हा वाढवला. मग वाऱ्याचा विचार केला. वारा आणि पाऊस एकाच शेडवर येतात, हे त्यांना फार उशिरा आठवल्यासारखं होई. असे दिवसामागून दिवस गेले. शेवटी आम्ही ड्रॉइंग घेऊन मिलवर गेलो, तर तिथे शेड उभी. मालकानं गावातल्या वेल्डरकडून ती उभारून घेतली होती आणि खाली धानाची पोती रचली होती. मला हसावं की रडावं कळेना. साहेबांनी मात्र शांतपणे टेप काढला. म्हणाले, “बरं झालं. आता हेच ड्रॉइंगमध्ये उतरवून घेऊ.” परतीच्या वाटेवर ते त्या वेल्डरच्या जोडणीत कायकाय चुकलंय ते सांगत राहिले, आणि मी मनात म्हणत राहिले की त्याच्या जोडणीत काही का चुकेना, त्यानं निदान जोडलं तरी.

खाण्याच्या बाबतीतही तेच. ऑफिसखालच्या ठेल्यावर साहेब उभे राहिले की ठेलेवाला दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळे. समोसा घ्यावा की भजिया, यावर साहेबांचा विचार चाले. समोसा म्हणेपर्यंत भजियाचा नवा घाणा निघे आणि विचार पुन्हा पहिल्यापासून सुरू होई. शेवटी ते माझ्या पानातलं एक भजं उचलत आणि म्हणत, “मले काही भूक नाही आज.”

नवा रायपूर या शेजारी वसवलेल्या नव्या शहरात त्यांनी एक प्लॉट घेऊन ठेवला होता. त्यावर बांधायच्या घराचा नकाशा ते स्वतः काढत होते. का बांधत नाही म्हणून मी एकदा विचारलं, तर म्हणाले, जिन्याचं ठरायचं आहे. जिना घराच्या आत घ्यायचा की बाहेरून. एवढ्यासाठी माणूस भाड्याच्या दोन खोल्यांत राहून राहिला आणि प्लॉटवर दुसऱ्यांच्या गायी चरत राहिल्या. एकदा मी त्यांच्या घरी गेले तेव्हा काकूंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, “तू इंजिनिअर होऊन राहिली ना? मंग ह्यांचा जिना ठरवून दे. नाही तं मले वर जायले दुसराच जिना लागन.” साहेब बाजूलाच होते. त्यांना ऐकू गेलं असावं. ते चष्मा पुसत बसले.

मुलीच्या लग्नाचंही असंच झालेलं. एक स्थळ यवतमाळचं होतं, एक भिलाईचं. साहेब दोन्हींना ‘पाहू’ म्हणाले आणि पाहत राहिले. मुलगी नागपूरला नोकरीला होती. तिनं तिथल्याच एका मुलाशी कोर्टात लग्न केलं आणि फोनवर कळवलं. वडिलांशी ती हिंदीत बोले. “पापा, हो गया,” एवढंच म्हणाली. ही गोष्ट साहेबांनीच मला सांगितली, आणि सांगताना त्यांच्या आवाजात रागापेक्षा सुटकाच जास्त होती. “पोट्टीनं माझं काम करून टाकलं,” ते म्हणाले. जावई चांगला निघाला. साहेबांनी निवडला असता तर तो अजून निवडला जात असता.

मी घरी येऊन या सगळ्याच्या नकला करी. आई पदर तोंडाला लावून हसे. माझा धाकटा भाऊ मराठी समजतो पण उत्तर हिंदीत देतो. तो म्हणे, “दीदी, तेरे साहब का तो पूरा सॉफ्टवेयर ही हैंग है.” बाबा तेवढे हसत नसत. ते म्हणत, माणूस सज्जन आहे. माझं म्हणणं, सज्जन असून काय उपयोग, सज्जनपणावर छत उभं राहत नाही.

एक गोष्ट मात्र त्यांनी मला शिकवली, आणि ती शिकवताना ते एकदाही अडखळले नाहीत. कुठलंही ड्रॉइंग समोर आलं की ते पेन्सिलीचं टोक छतावर ठेवत आणि वजनाचा रस्ता दाखवत खाली उतरत. पत्र्यावरून पट्टीवर, पट्टीवरून कैचीवर, कैचीवरून खांबावर, खांबातून पायात. “वजन कुठून आलं, कुठं चाललं, अन् जमिनीत पोचलं का, एवढंच पाह्य,” ते म्हणत. “मधात कुठं त्याचा रस्ता तुटला तं ते थांबत नाही. ते आपला रस्ता काढते, मानसाच्या अंगावरून.” मी मान डोलावली. माझं लक्ष खरं तर त्या पेन्सिलीवर होतं. ती इतकी छोटी झाली होती की धरायला बोटं पुरत नव्हती, आणि ती फेकायची की नाही हेही त्यांचं ठरत नसावं, असं मला वाटत होतं.

जूनच्या सुरुवातीला उरला या रायपूरच्या कारखान्यांच्या भागातल्या एका रोलिंग मिलचं काम आलं. मिलच्या सेठजींनी कुठूनशी एक जुनी पण दणकट क्रेन मिळवली होती. आधीच्या क्रेनपेक्षा ती बरीच भारी. अशी क्रेन शेडच्या दोन्ही बाजूंच्या खांबांना टेकवलेल्या लांब गर्डरांवरून फिरते आणि तिच्या आकड्याला लटकलेलं लोखंड कामगारांच्या डोक्यांवरून इकडून तिकडे जातं. सेठजींना एकच कागद हवा होता: जुने खांब आणि गर्डर नवी क्रेन पेलतील असं इंजिनिअरच्या सहीनिशी लिहून. भैयाजींनी हे काम अर्ध्या दिवसाचं आहे असं सेठजींना कबूल करून टाकलं होतं.

आम्ही मोजायला गेलो. उरल्याची धूळ, ट्रकांची रांग आणि भट्टीची धग यांत मी टेपचं एक टोक धरून उभी आणि दुसऱ्या टोकाला साहेब, डोक्याला ओला रुमाल बांधून. शेडचं मूळ ड्रॉइंग कुणाकडेच नव्हतं. खांबांच्या बुडाशी गंज होता आणि भोवती वर्षानुवर्षांची राख, माती साचलेली. खांब खाली किती खोल गेलाय, कशावर उभा आहे, ते सांगणारं कुणी नव्हतं. साहेबांनी बुटाच्या टाचेनं ती राख उकरून पाहिली आणि वर गर्डरांकडे पाहिलं.

ऑफिसात येऊन मी गणित मांडलं. खांब नव्यासारखे धरले आणि पाया नेहमीसारखा चांगला धरला, तर क्रेन पास होत होती. जेमतेम, पण पास. मला वाटलं, झालं काम. भैयाजी माझ्या टेबलाशी आले आणि विचारलं, “बेटा, कैलकुलेशन में पास है ना?” मी सांगितलं की लोखंड नव्यासारखं असेल तर पास आहे, पण ते नव्यासारखं नाही, आणि खाली काय आहे ते माहीत नाही. भैयाजींनी यातला ‘पास है’ एवढा भाग ऐकला आणि सेठजींना फोन लावला.

साहेब म्हणाले, एका खांबाशेजारी खोदून पाहू. सेठजींकडून उत्तर आलं की खोदायचं म्हणजे मिल थांबवायची. मग आम्हाला तिघांनाही मिलवर बोलावलं गेलं. सेठजींनी शेडमधल्याच आपल्या केबिनमध्ये बसवून थंडगार लस्सी मागवली. ते फार गोड माणूस. साहेबांना म्हणाले की आपण एवढे अनुभवी, आपण नुसतं पाहिलं तरी लोखंड घाबरतं. मग कागद पुढे सरकवला. भैयाजींनी स्वतःचं पेन काढून दिलं. मला पुढचं पाठ होतं. आता साहेब ‘पाहू’ म्हणणार, दोन दिवस मागणार, मग आणखी दोन, आणि शेवटी कंटाळून कुणीतरी त्यांच्याकडून सही करून घेणार.

साहेबांनी पेन घेतलं, टोपण लावलं आणि परत दिलं. म्हणाले, “मैं साइन नहीं करूँगा.”

सेठजी हसले. भैयाजी हसले नाहीत. त्यांनी विचारलं, “मतलब कब करेंगे?”

“नहीं करूँगा. खोदोगे तो देखूँगा.”

लस्सीचे ग्लास तसेच राहिले. परतताना गाडीत भैयाजी फोनवर दुसऱ्या इंजिनिअरची चौकशी करत होते. साहेब खिडकीबाहेर पाहत होते. ऑफिसच्या जिन्यात मी त्यांना विचारलं, सर, तुमची खात्री आहे का, की तो खांब नाही पेलणार? ते म्हणाले, “खात्री कायची गं? मले भेव वाटलं. भेव वाटलं तं सही कशी करू?” एवढ्या मोठ्या इंजिनिअरच्या तोंडून हे ऐकून मी निराश झाले. मला वाटलं होतं, ते काहीतरी सूत्र सांगतील.

दुसऱ्या एका साहेबांनी एका दुपारी त्या कागदावर सही केली. त्यांनी मिल पाहिलीही नाही म्हणतात. क्रेन चढली. पहिल्यांदा वजन उचलायचं ठरलं त्या दिवशी फायनलसाहेब, कुणी न बोलावता, गेटवर जाऊन उभे राहिले. हे मला नंतर कळलं. पाळी बदलत होती. आत जाणाऱ्या एकेका कामगाराला ते सांगत होते, “भैया, आज थोड़ा दूर से देखना.” कामगारांना वाटलं, म्हातारा ऊन लागून बिघडलाय. गार्डनं त्यांना पाणी पाजलं आणि सावलीत बसवलं. क्रेननं वजन उचललं, शेडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नेलं आणि खाली ठेवलं. काही झालं नाही.

दुसऱ्या दिवशी सेठजींकडून ऑफिसात पेढ्यांचा डबा आला. भैयाजींनी तो स्वतःच्या हातानं फायनलसाहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवला आणि सगळ्यांना हाक मारली. साहेबांनी डबा उघडला, एक पेढा घेतला, बाकीचे आमच्यात फिरवले. म्हणाले, “पेढा चांगला आहे.” आणि पुढचं ड्रॉइंग उघडलं. मी त्या दिवशी पहिल्यांदा त्यांच्यावर हसले नाही. पण त्यांच्या बाजूनं बोलायलाही माझ्याजवळ काही नव्हतं. क्रेन उभी होती आणि साहेब तोंडघशी पडले होते.

महिनाभरात भैयाजींनी त्यांना ‘आराम’ दिला. शिव्या नाहीत, भांडण नाही. एक नवा तरुण इंजिनिअर आला. तो दिवसाला दोन कागद काढायचा आणि त्याला साहेबांची खुर्ची मिळाली. माझं ट्रेनिंग तोवर संपलं होतं. सर्टिफिकेटवर भैयाजींनी सही केली, न वाचता. साहेबांनी नवा रायपुरातला प्लॉट विकला आणि काकूंना घेऊन मुलीकडे नागपूरला गेले. निरोप घ्यायला मी गेले तेव्हा सामान बांधून झालं होतं. मी धीर करून विचारलं, सर, तुमचं चुकलं होतं का? ते पिशवीची गाठ मारत म्हणाले, “उभं आहे म्हंजे बरोबर आहे असं नसते, पोट्टी. उभं आहे, एवढंच.” मला ते हरलेल्या माणसाचं बोलणं वाटलं.

पुढे मी पास झाले. नवा रायपुरातल्या एका डिझाईन ऑफिसात मला नोकरी लागली. रुंद रस्ते, कमी बसगाड्या, म्हणून स्कूटी घेतली. गेल्या हिवाळ्यात उरल्याला त्याच मिलच्या शेजारच्या कारखान्यात मोजणीला गेले होते. चहाच्या ठेल्यावर त्या मिलचा गार्ड भेटला. त्यानं मला ओळखलं, साहेबांची चौकशी केली. बोलता बोलता म्हणाला, सेठजींचं केबिन आता गेटशेजारी आलंय. मला आठवत होतं की ते आत, शेडमध्येच होतं. का हलवलं म्हणून विचारलं. तो म्हणाला, “बोलते हैं अंदर गर्मी है. लेकिन दीदी, जब से बड़ी क्रेन लगी है, सेठजी शेड में पाँव नहीं रखते. काम हो तो आदमी को बाहर बुला लेते हैं.” नवं केबिन दिवसभर उन्हात तापत होतं. ते मला रस्त्यावरूनच दिसलं.

संध्याकाळी मी नागपूरला साहेबांना फोन केला. मला वाटलं, ऐकून त्यांना बरं वाटेल. त्यांच्या भीतीवर सेठजींचाच विश्वास बसला होता, आणखी काय हवं. मी सगळं रंगवून सांगितलं. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, “अन् लेबर?”

“लेबर तिथेच आहे, सर. क्रेनखालीच.”

ते परवाच्या गाडीनं येतो म्हणाले. आणि आले. रायपूर स्टेशनवर मी त्यांना घ्यायला गेले तेव्हा ते आणखी वाळलेले दिसले, शर्ट मात्र इस्त्रीचा. स्कूटीवर मागे बसून, माझ्या खांद्याला घट्ट धरून, ते कारखान्यांची सुरक्षा पाहणाऱ्या सरकारी कार्यालयात आले. तिथल्या बाबूनं अर्ज वाचला आणि सज्जनपणे विचारलं, तक्रार करणाऱ्याचं नाव गुप्त ठेवायचं का, तशी सोय आहे. साहेब म्हणाले, “काहे को? नाम लिखिए. इंजीनियर हूँ, वो भी लिखिए.” आणि त्यांनी सही केली, एका दमात, न थांबता. ते दाराकडे वळले तेव्हा त्यांच्या सहीखाली मी माझी केली.

ते त्यांना परतताना स्टेशनवर कळलं. मीच सांगितलं. ते इतके चिडलेले मी कधी पाहिले नव्हते. “तुले काय गरज होती? माझं काय, मी तं म्हातारा. तुले इथंच नोकरी करायची हाय. उद्या हेच सेठ लोक तुया ऑफिसात येतीन, तवा कोन उभं करन तुले?” मी म्हटलं, सर, तुमच्याच हाताखाली शिकले. “मी?” ते म्हणाले. “मी कुठं काय शिकवलं तुले? तुयं ट्रेनिंग सारं अर्धंच राहिलं.” गाडी हलली तरी ते दारात उभे राहून बोलतच होते. पुढचं मला ऐकू आलं नाही. हात हलवत होते की मला रागावत होते, तेही नीट कळलं नाही.

तपासणी झाली. काही दिवस क्रेन बंद ठेवून खोदावं लागलं. दोन खांबांच्या खाली पाया होता, पण मी गणितात धरला होता त्याच्या निम्माही नव्हता, आणि तो भरावाच्या मातीवर टेकलेला होता. सेठजींनी माझ्या ऑफिसात फोन करून माझ्याबद्दल जे सांगायचं ते सांगितलं. माझ्या वरिष्ठांनी ते ऐकून घेतलं आणि मला उरल्याच्या कामांवरून काढलं. खांब मजबूत करायचं काम भैयाजींच्याच ऑफिसला मिळालं. त्या तरुणानं ते झटपट करून दिलं.

परवा एका लग्नाला जाताना त्या रस्त्यानं गेले. मिलच्या उघड्या फाटकातून आतलं दिसत होतं. जुन्या खांबांना लागून नवे जाड खांब उभे होते, त्यांचा लाल रंग अजून धुळीनं मळला नव्हता. वरून क्रेन सरकत होती आणि खाली माणसं वाकून काम करत होती. सेठजींचं केबिन मात्र अजून गेटशेजारीच होतं.